किल्ली बंद, तरी बॅटरी उतरते: जुन्या गाडीतील विजेची गळती कशी शोधावी

आमची १९७० सालची ॲम्बॅसॅडर मार्क टू वाईजवळच्या घरी पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते आणि दर शनिवारी कोणीतरी जाऊन ती चालू करते, निदान करण्याचा प्रयत्न करते. तीन वर्षांत आम्ही तिच्या दोन बॅटऱ्या बदलल्या, घरी चार्जर आणून ठेवला, आणि तरीही एखाद्या शनिवारी सेल्फ मारल्यावर इंजिन अर्धा वेढा घेऊन थांबायचे, डॅशबोर्डवरचे दिवे पिवळे पडायचे आणि मग शेजारच्या दोघांना धक्क्याला बोलवावे लागायचे. प्रत्येक वेळी निदान एकच व्हायचे: बॅटरी गेली. खरे तर बॅटरीचा काही दोष नव्हता. गाडी बंद असतानाही तिच्यातून वीज वाहत होती, आणि ती कोठे जाते हे मोजून पाहण्याचे कष्ट आमच्यापैकी कोणीच घेतले नव्हते. त्या शोधात जे शिकायला मिळाले ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण अशी गाडी जपणाऱ्या बहुतेकांना या त्रासातून केव्हा ना केव्हा जावे लागते.

आजच्या गाडीत किल्ली काढल्यावरही इंजिनाचा संगणक, अलार्म, सेंट्रल लॉक अशी मंडळी अर्धवट जागी असतात, त्यामुळे तिच्या बॅटरीतून सतत २० ते ५० मिलीअँपिअर करंट जात असेल तर तो काही बिघाड नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीत असे जागे राहणारे काहीच नसते. विजेवर चालणारे घड्याळ बसवलेले असेल तर तेवढे सोडून, किल्ली बंद आणि दिवे बंद असताना तिच्या तारांमधून वाहणारा करंट शून्य असला पाहिजे. म्हणूनच ‘पन्नास मिलीअँपिअरपर्यंत चालते’ हा नव्या गाड्यांचा निकष जुन्या गाडीला लावू नये. जुन्या गाडीत तेवढा करंट दिसला तर तो कोठून जातो याचे कारण असते आणि ते शोधले की सापडते.

गळतीचे प्रमाण समजण्यासाठी थोडे गणित करावे लागते. बॅटरीवर ५० एएच असे लिहिलेले असते, म्हणजे ५० अँपिअर-तास. ढोबळ मानाने, त्या बॅटरीतून अर्धा अँपिअर करंट सतत शंभर तास घेता येईल. गाडीच्या छताला असलेल्या लहान, पाच वॅटच्या दिव्याला सुमारे ०.४ अँपिअर लागतो. तो चुकून सुरू राहिला तर दिवसाला दहा अँपिअर-तास खर्च होतात आणि पाच दिवसांत बॅटरी रिकामी होते. प्रत्यक्षात सेल्फ त्याच्या बराच आधी, बॅटरी निम्म्याहून खाली आली की कुरकुरू लागतो. याउलट गळती पाच मिलीअँपिअरची असेल तर महिन्याला साडेतीन अँपिअर-तासांच्या आसपास जातात आणि ते सहज खपून जाते. तेव्हा ‘गळती आहे का’ एवढे विचारून भागत नाही, ती किती आहे हे आकड्यात कळले पाहिजे.

त्याआधी बॅटरीला मात्र निर्दोष ठरवून घ्यावे. ती पूर्ण चार्ज करून, दोन्ही केबल काढून, काही तास तशीच ठेवून मग मल्टिमीटर (पुढे नुसता मीटर) लावला तर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसायला हवेत. १२ व्होल्टच्या आसपासचा आकडा म्हणजे बॅटरी तीन-चतुर्थांश रिकामी आहे असे समजावे, आणि ज्यांना १२ हा आकडा पाहून ‘बारा व्होल्टची बॅटरी, बारा व्होल्ट दाखवते’ असे समाधान वाटते त्यांची तेथेच फसगत होते. नंतर केबल न जोडता ती चार दिवस बाजूला ठेवावी. शिसे आणि आम्लाची बॅटरी स्वतःहूनही थोडी उतरते, उन्हाळ्यात अधिक उतरते, पण चार दिवसांत तिने ठळक फरक दाखवला तर दोष आतल्या एखाद्या सेलचा आहे. बुचे उघडता येणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सहाही सेलमधील आम्लाची घनता पाहावी. पाच सेल सारखे आणि एक बराच खाली असेल तर त्या बॅटरीला निरोप द्यावा आणि मगच पुढच्या तपासाला लागावे.

बॅटरीच्या बाहेर, अगदी तिच्या डोक्यावरही गळती असू शकते, आणि ही गोष्ट मला स्वतः पाहीपर्यंत खरी वाटली नव्हती. चार्जिंगच्या वेळी उडणारे आम्लाचे सूक्ष्म तुषार आणि शेडमधली धूळ यांचा एक ओलसर थर बॅटरीच्या झाकणावर साचतो. मीटरचे एक टोक ऋण टर्मिनलला धरून दुसरे टोक नुसत्या प्लॅस्टिकच्या झाकणावरून फिरवले, तर कोरड्या, स्वच्छ बॅटरीवर काहीच दिसायला नको. आमच्या बॅटरीवर धन टर्मिनलच्या जवळ पाच-सहा व्होल्ट दिसले, म्हणजे त्या मळातूनच दोन टर्मिनलांमध्ये बारीकसा करंट वाहत होता. बुचे घट्ट लावून, खायचा सोडा कोमट पाण्यात मिसळून त्याने झाकण धुतले, कोरडे केले आणि टर्मिनलांना पेट्रोलियम जेली लावली. यातून वाचणारा करंट फार नसतो, परंतु पुढची मोजणी स्वच्छ पायावर होते.

आता गाडीकडे वळू. तपासासाठी जी केबल बॅटरीतून गाडीच्या बॉडीला गेली आहे ती सोडवावी. बहुतेक गाड्यांत ती ऋण टोकाची असते, पण ब्रिटिश वळणाच्या अनेक जुन्या गाड्यांत धन टोक बॉडीला जोडलेले असे, म्हणून रंगावर किंवा सवयीवर न जाता केबल डोळ्यांनी बॉडीपर्यंत पाहावी. बॉडीची केबल आधी काढण्याचे कारण साधे आहे: दुसरी केबल सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला तर सगळी बॅटरी त्या पान्यातून शॉर्ट होते. हातातील अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे, बॉनेट उघडे असावे, शेडमध्ये हवा खेळती असावी, आणि चार्जिंग नुकतेच झालेले असेल तर थोडा वेळ थांबावे, कारण त्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघालेला असतो आणि त्याला ठिणगी पुरते.

सोडवलेली केबल आणि बॅटरीचे टर्मिनल यांच्यामध्ये थेट मीटर जोडण्याऐवजी प्रथम पाच वॅटचा साधा बल्ब जोडावा. जुने वायरमन हेच करत आणि ते अतिशय शहाणपणाचे होते. बल्ब या वाटेत असला की गाडीत पूर्ण शॉर्ट असला तरी ०.४ अँपिअरपेक्षा अधिक करंट जाऊ शकत नाही, त्यामुळे मीटरचा फ्यूज जळत नाही आणि तार पेटत नाही. बल्ब लखलखीत लागला तर गळती मोठी आहे. जेमतेम लालसर झाला तर ती अँपिअरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाच्या घरात असेल. काहीच दिसले नाही तर गळती अगदी लहान आहे किंवा नाही. बल्ब लख्ख लागत नाही याची खात्री झाल्यावर त्याच्या जागी मीटर लावावा, लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात घालावी आणि आकडा लहान निघाला तरच मिलीअँपिअरच्या भोकाकडे जावे. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवू नये, सेल्फ तर मुळीच मारू नये, कारण सेल्फ शंभराहून अधिक अँपिअर घेतो. दार उघडे ठेवून काम करायचे असेल तर दाराच्या खांबावरचा छतदिव्याचा खटका चिकटपट्टीने दाबून ठेवावा, नाहीतर आपण त्याच दिव्याचा करंट मोजत बसतो.

आमच्या गाडीत बल्बची तार अंधारात जेमतेम लाल दिसली. मीटरने ०.१७ अँपिअर दाखवले. चोवीस तासांना चार अँपिअर-तास, आठवड्याला अठ्ठावीस. म्हणजे ५० एएचची नवी बॅटरी शनिवारी निम्म्याहून अधिक रिकामी, तरीही कशीबशी इंजिन फिरवण्याइतकी शिल्लक. या एका आकड्याने तीन वर्षांचे कोडे उलगडले. नवी बॅटरी तिच्या नवेपणाच्या जोरावर गळती झाकून नेत होती. मधल्या तासाभराच्या फेरीत डायनॅमो ती तूट भरून काढू शकत नव्हता, कारण जुना डायनॅमो फार तर वीसेक अँपिअर देतो आणि इंजिन संथ फिरत असताना जवळजवळ काहीच देत नाही. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस पडून राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात आणि तिची साठवण कायमची घटते. ज्या बॅटऱ्या आम्ही ‘गेल्या’ म्हणून परत केल्या त्या अशाच मेल्या होत्या.

येथून पुढे बहुतेक मार्गदर्शन असे सांगते की एकेक फ्यूज काढा आणि कोणता काढल्यावर मीटर खाली येतो ते पाहा. नव्या गाडीसाठी हे ठीक आहे. जुन्या गाडीत फ्यूज किती असतात ते आधी मोजावे. आमच्या गाडीसारख्या रचनेत काचेचे केवळ दोन फ्यूज असतात: एक हॉर्न आणि छतदिवा यांसारख्या सदैव जिवंत असलेल्या गोष्टींचा, दुसरा किल्लीनंतर चालू होणाऱ्या गोष्टींचा. पुढचे दिवे, सेल्फ, इग्निशन आणि चार्जिंग यांच्या तारांना फ्यूजच नाही. मी दोन्ही फ्यूज काढले, मीटर ०.१७ वर तसाच. जो मनुष्य फ्यूजवर थांबतो तो येथे ‘वायरिंगमध्ये काही नाही’ असे म्हणून पुन्हा बॅटरीच्या दुकानात जातो.

खरा उपाय म्हणजे वायरिंगचे दोन भाग करत जाणे. बॅटरीची जाड केबल सेल्फच्या सोलेनॉइडवर, म्हणजे सेल्फला वीज सोडणाऱ्या मोठ्या खटक्यावर, येते. तेथून एक तपकिरी तार कंट्रोल बॉक्सकडे जाते, म्हणजे आपण ज्याला कटआउट म्हणतो त्या डबीकडे. तिच्यावर ए, ए१, एफ, डी आणि ई असे पाच टर्मिनल असतात. ए वर बॅटरीची तार येते, ए१ वरून दिवे, किल्ली आणि फ्यूज यांना पुरवठा होतो, डी आणि एफ डायनॅमोकडे जातात आणि ई म्हणजे बॉडी. प्रत्येक तारेला चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर अक्षर लिहावे आणि मग ए१ वरच्या तारा सोडवाव्यात. करंट थांबला तर चोर दिवे, किल्ली किंवा फ्यूज यांच्या बाजूला आहे. थांबला नाही तर डी सोडवावी. तरीही थांबला नाही तर ए सोडवावी. यात बॅटरीची केबल आधीच मीटरमधून जोडलेली असल्यामुळे तारा जिवंत असतात, म्हणून प्रत्येक वेळी मीटरचे टोक काढून मगच पाना लावावा.

मी ए सोडवली तरी मीटर ०.१७ वरून हलला नाही. याचा अर्थ गाडीची मूळ वायरिंग पूर्णपणे निर्दोष होती, आणि जे काही करंट खात होते ते थेट सोलेनॉइडच्या टर्मिनलवरून खात होते. तेथे टॉर्च धरून पाहिले तेव्हा जाड केबल आणि तपकिरी तार यांच्या खाली, ग्रीसने काळी पडलेली तिसरी एक लाल तार दिसली. ती सोडवताच मीटर ०.०१ वर आला.

ती तार रेडिएटरच्या बाजूच्या भोकातून जाळीमागे गेली होती. तेथे काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला एक रिले होता, म्हणजे लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा खटका. मी तार पुन्हा जोडली आणि रिले हातात धरला, तेव्हा तो कोमट लागला, तापात कपाळ लागावे तसा. आणि तार जोडण्याच्या क्षणी ‘टक्’ असा बारीक आवाज आला. हा आवाज आम्ही दर वेळी बॅटरी जोडताना ऐकला होता आणि टर्मिनलवरच्या ठिणगीचा समजून सोडून दिला होता. पावसाळ्यात पसरणी घाटात धुके असते म्हणून वडिलांनी पूर्वी दोन फॉगलॅम्प बसवून घेतले होते. पुढे ते दिवे गंजले आणि काढले, पण रिले, त्याची तार आणि डॅशबोर्डखालचा खटका तसाच राहिला. खटका वर म्हणजे ‘चालू’ होता. दिवे नसल्यामुळे काहीच लागत नव्हते, पण रिलेच्या आतले वेटोळे रात्रंदिवस वीज पीत होते. अशा वेटोळ्याला साधारण दीडशे ते दोनशे मिलीअँपिअर लागतात, म्हणजे मीटरवरचा आकडा सुरुवातीपासूनच त्याच्याकडे बोट दाखवत होता.

मला त्या वेळी गळतीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने धक्का दिला. ती लाल तार थेट बॅटरीवरून आलेली, फ्यूज नसलेली, आणि पत्र्याच्या भोकात रबरी बूच नसल्यामुळे तिचे आवरण एका जागी तांब्यापर्यंत घासले गेले होते. तेथून पेट्रोलची नळी वीतभर अंतरावर होती. बॅटरी उतरते ही तक्रार वाटते तितकी क्षुल्लक नसते, हे त्या एका जागेने मला दाखवले. नंतर जोडलेली कोणतीही तार बॅटरीपासून निघताच फ्यूजमधून गेली पाहिजे, याबाबतीत मी आता कोणाचेही ऐकत नाही.

सर्वांच्या गाडीत रिलेच निघेल असे नाही, म्हणून इतर नेहमीच्या जागाही सांगतो. डायनॅमोच्या गाडीत कटआउटचे संपर्क इंजिन बंद झाल्यावर उघडायला हवेत. ते चिकटून राहिले तर बॅटरी उलट डायनॅमोत वाहू लागते, आणि ही गळती मिलीअँपिअरची नसून कित्येक अँपिअरची असते: तारा तापतात, वास येतो आणि एका रात्रीत बॅटरी बसते. टेस्ट बल्ब लखलखीत लागला आणि डी सोडवताच विझला तर हाच दोष समजावा. कोणी डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला असेल तर त्यातील एखादा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, गळका निघू शकतो. त्याची जाड तार सोडवून मीटर पाहिला की ते स्पष्ट होते, आणि सकाळी थंड इंजिनावर अल्टरनेटरच तेवढा कोमट लागत असेल तर मोजण्याआधीच संशय घ्यावा.

स्टिरिओ हा जुन्या गाडीतील सर्वांत संभाव्य पाहुणा. त्याला एक पिवळी तार घड्याळ आणि स्टेशनांची आठवण राहावी म्हणून सदैव जिवंत लागते आणि दुसरी लाल तार किल्लीवरून यायला हवी. काम लवकर उरकण्यासाठी दोन्ही एकत्र पिळून थेट बॅटरीला जोडल्याचे पुष्कळदा दिसते. मग स्टिरिओ केवळ बटणाने बंद होतो, आणि त्याच्यामागे ॲम्प्लिफायर असेल तर तो जागाच राहण्याची शक्यता असते.

हॉर्नची गळती मात्र अधिक चकवा देणारी असते. बऱ्याच जुन्या गाड्यांत हॉर्नला वीज सदैव पोचलेली असते आणि आपण बटण दाबतो तेव्हा त्याची दुसरी तार स्टिअरिंगमधून बॉडीला टेकते. त्या तारेचे सुती विणीचे किंवा रबराचे आवरण विरले असेल आणि आत ओल आली असेल, तर हॉर्न वाजण्याइतका करंट जात नाही पण वीस-तीस मिलीअँपिअर शांतपणे झिरपत राहतात. अशी गळती मे महिन्यात मीटरवर दिसत नाही आणि जुलैत दिसते. म्हणून पावसाळी तक्रारीची तपासणी पावसाळ्यातच करावी.

किल्ली चुकून चालू राहण्याबद्दल एक गंमतीशीर बारकावा आहे. पॉइंटच्या, म्हणजे उघडझाप करणाऱ्या संपर्कांनी कॉइलची वीज जोडून-तोडून ठिणगी पाडणाऱ्या, इग्निशनमध्ये इंजिन ज्या जागी थांबले तेथे पॉइंट बंद असतील तर कॉइलमधून तीन-चार अँपिअर वाहत राहतात, कॉइल तापते आणि एका रात्रीत बॅटरी उतरते. पॉइंट उघडे असतील तर त्याच विसराळूपणाने कॉइलमधून काहीही जात नाही. म्हणून ‘मागे एकदा किल्ली चालू राहिली होती, काही झाले नाही’ या अनुभवावर विसंबू नये. झिजलेल्या किल्लीच्या खटक्यालाही हेच लागू आहे.

रंगांच्या आधारे तारा ओळखता येतात, पण जपून. ब्रिटिश पद्धतीत तपकिरी म्हणजे फ्यूजविना सदैव जिवंत, पांढरी किल्लीनंतरची, हिरवी किल्लीनंतर फ्यूजमधून आलेली, लाल लहान दिव्यांची, निळी पुढच्या दिव्यांची आणि काळी बॉडीची. गाडीची वायरिंग पूर्वी कोणी बदलली असेल तर दुकानात त्या दिवशी जी रीळ होती तिचा रंग सर्वत्र सापडतो, आणि मग रंगावर नव्हे, मीटरवरच विश्वास ठेवावा लागतो.

बॅटरीला कटऑफ स्विच लावून सगळा प्रश्न मिटवावा, असा सल्ला नेहमी मिळतो. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकाची जी व्हिंटेज नोंदणी आणली, तिच्यात नियमित वापराला मुभा नाही. अशा गाड्या उभ्याच राहणार, तेव्हा स्विच उपयोगी आहे हे खरे. परंतु तो गळती सापडल्यानंतर लावावा. आधी लावला असता तर आमची घासलेली लाल तार पेट्रोलच्या नळीशेजारी तशीच राहिली असती आणि गाडी चालवताना, म्हणजे नेमकी आम्ही आत असताना, जिवंत असती.

रिले, खटका आणि ती लाल तार काढून टाकल्यावर मिलीअँपिअरच्या पट्टीवर ६ हा आकडा उरला. तो स्टिरिओच्या पिवळ्या तारेचा आहे, आता ती फ्यूजमधून जाते, आणि तो मी जाणूनबुजून राहू दिला आहे. बॅटरी चार्ज केली त्या दिवशी १२.६६ व्होल्ट होते. चार आठवडे गाडीला हात लावला नाही. पाचव्या शनिवारी बॉनेट उघडून मीटर लावला तेव्हा १२.५ दिसले, सेल्फ मारला, आणि इंजिन दुसऱ्या वेढ्याला लागले.